लघवीतले जंतू आणि ब्लॅडरचा कॅन्सर: फॉरवर्ड वाचून धास्तावलेल्यांसाठी

मध्यंतरी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "तुमच्या लघवीत लपलेले जंतू ब्लॅडरचा कॅन्सर घडवतायत", खाली लाल उद्गारचिन्हं आणि कुठल्यातरी टेस्टची लिंक. थोड्या वेळात एका काकांनी स्वतःचा युरिन रिपोर्टच ग्रुपवर टाकला (ग्रुपवर काय टाकावं याचं भान आमच्याकडे कुणालाच नाही), त्यात "बॅक्टेरिया: प्रेझेंट" लिहिलेलं, आणि खाली प्रश्न, "म्हणजे मला कॅन्सर होणार का?" मग कुणी धण्याचं पाणी सांगितलं, कुणी बार्ली, कुणी मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणा म्हणालं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली आणि काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीच्या कल्चर प्लेटा बघण्यात घालवलेली, त्यामुळे अर्थातच सगळ्यांनी मला टॅग केलं. उत्तर काही व्हॉट्सॲपवर मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

घाबरलेल्यांसाठी मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. लघवीत थोडे जंतू असणं नॉर्मल आहे. तिथे राहणाऱ्या या बॅक्टेरियांमुळे माणसाला ब्लॅडरचा, म्हणजे मूत्राशयाचा, कॅन्सर होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, संशय घ्यायला जागा मात्र आहे. आणि गंमत बघा, याच कॅन्सरवरचं एक सगळ्यात भरवशाचं औषध म्हणजे जिवंत जंतूच आहेत, आणि त्याचा पुण्याशी संबंध आहे. त्यावर येतेच.

लघवी निर्जंतुक असते, हे आलं कुठून?

आमच्या पुस्तकात सरळ लिहिलेलं होतं की निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, जंतू सापडले म्हणजे इन्फेक्शन. परीक्षेत तसं लिहिलं की मार्क मिळायचे. समज फार जुना आहे. १८६० च्या दशकात लुई पाश्चरने दाखवलं होतं की हवेतल्या धुळीचा संपर्क येऊ न देता बंद ठेवलेली लघवी नासत नाही, त्यावरून पुढच्यांनी धरून चालायला सुरुवात केली की आत काही नसतंच. मग १९५० च्या दशकात बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी किडनीपर्यंत इन्फेक्शन पोचलेल्या बायका आणि तसा काही त्रास नसलेल्या बायका यांच्या लघवीतले जंतू मोजले आणि एक आकडा दिला, मिलीलीटरला एक लाख. त्याच्या वर असतील तर बहुतेक खरं इन्फेक्शन, बरेच खाली असतील तर नमुना घेताना बाहेरून आलेली घाण. हा आकडा आजही तुमच्या कल्चर रिपोर्टवर दिसतो. कास यांचं काम पक्कंच होतं, पण ते इन्फेक्शन ओळखण्यापुरतं होतं आणि आपण सगळ्यांनी त्याचा अर्थ काढला की लाखाच्या खाली म्हणजे शून्य.

हा समज इतका घट्ट होता की २००७ मध्ये अमेरिकेत माणसाच्या अंगावरच्या आणि अंगातल्या जंतूंची मोजदाद करणारा प्रचंड मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात नाक, तोंड, त्वचा, आतडं, योनी हे सगळं घेतलं आणि ब्लॅडर घेतलंच नाही. जिथे काही नाहीच तिथे मोजायचं काय.

इतकी वर्षं लॅबवाल्यांना ते दिसले का नाहीत?

हा प्रश्न मला आवडतो कारण तो थेट आमच्या टेबलावर येतो. लॅबमध्ये नेमकं काय होतं सांगते. तुम्ही डबीतून दिलेली लघवी हलवून घ्यायची, त्यात तारेचं एक बारीक कडं बुडवायचं, त्या कड्यात बरोबर एक मायक्रोलिटर येते, म्हणजे मिलीलीटरचा हजारावा भाग, डोळ्याला नुसता ओलावा दिसतो. तो प्लेटवर रेघोट्या ओढत पसरवायचा. एक प्लेट रक्त घातलेली, लालभडक, दुसरी मॅकॉन्की, जिच्यावर ई. कोलाय, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू, उगवला की ठसठशीत गुलाबी ठिपके येतात. प्लेटा ३७ डिग्रीला रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, सकाळी बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरक्या धरून बघायच्या, काही नसलं की "नो ग्रोथ" लिहून पुढची उचलायची. सोमवारी सकाळी ढीग असतो, कुणी एका प्लेटवर विचार करत बसत नाही.

आता हिशोब करा. मिलीलीटरला हजार जंतू असतील तर त्या कड्यात सरासरी एक येणार, तोही साध्या हवेत, एका रात्रीत, आम्ही दिलेल्या खाद्यावर वाढला तर. ई. कोलाय हे सगळं आनंदाने करतो. पण कित्येक जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही, कित्येकांना दोन-दोन दिवस लागतात, ते बिचारे प्लेटवर असूनही दिसत नाहीत.

शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीतल्या टीमने २०१२ मध्ये वेगळा रस्ता धरला. बायकांच्या पोटातून थेट ब्लॅडरमध्ये सुई घालून लघवी काढली, म्हणजे बाहेरच्या कातडीचे जंतू मिसळायला नकोत, आणि जंतू वाढवत न बसता त्यांचा डीएनए शोधला. सापडला. विरोधक म्हणाले डीएनए काय, मेलेल्या जंतूंचाही सापडतो. मग २०१४ मध्ये त्यांनी कल्चरच सुधारलं, कॅथेटरने, म्हणजे ब्लॅडरमध्ये घातलेल्या बारीक नळीने, काढलेली लघवी शंभरपट जास्त घेतली, जास्त प्रकारच्या प्लेटा वापरल्या, काही कमी ऑक्सिजनमध्ये ठेवल्या, ४८ तास वाट बघितली. ६५ नमुन्यांपैकी ५२ मध्ये जिवंत जंतू उगवले आणि त्या ५२ पैकी ४८ नमुने साध्या कल्चरमध्ये "नो ग्रोथ" होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आयुष्यात किती नो ग्रोथ लिहिले असतील याचाच विचार डोक्यात आला.

एखाद्या जागी कायम राहणाऱ्या जंतूंच्या अशा वस्तीला मायक्रोबायोम म्हणतात. ब्लॅडरची वस्ती विरळ, आतड्यात ग्रॅममागे दहा हजार कोटींच्या घरात जंतू असतात, इथे मिलीलीटरला काही हजार, कधी त्याहून कमी. बऱ्याच बायकांमध्ये लॅक्टोबॅसिलसचं राज्य असतं, दह्यात असतात त्याच कुळातले, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की त्यांची संख्याही घसरते. पुरुषांत मिश्रण वेगळं, कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस वगैरे. वस्ती विरळ आहे हे लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कॅन्सरची बाजू आधी समजून घेऊ

ब्लॅडरच्या आतल्या अस्तराला तासन्‌तास लघवी लागून असते. किडनीने रक्तातून गाळून काढलेली सगळी रसायनं तिथे जमून राहतात, त्यामुळे विषारी काही असेल तर ते सगळ्यात जास्त वेळ याच अस्तराला भिडतं. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो हे दाखवलं. पुढे कळलं की अशा कारखान्यांमधली ॲरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं अस्तर बिघडवतात आणि तीच रसायनं सिगरेट-विडीच्या धुरातही असतात. आज या कॅन्सरच्या साधारण निम्म्या केसेसमागे धूम्रपान आहे, ओढणाऱ्याला धोका न ओढणाऱ्याच्या तिप्पट-चौपट. जगात वर्षाला सहा लाखांच्या वर नवे रुग्ण सापडतात, पुरुष बायकांच्या तिप्पट-चौपट.

म्हणजे जंतूंचा विषय निघायच्या आधीच मोठा आरोपी पकडलेला आहे. सोसायटीच्या गेटबाहेर टपरीपाशी उभे राहून सिगरेट ओढता ओढता लघवीतल्या बॅक्टेरियाची काळजी करणारे लोक मी प्रत्यक्ष पाहिलेत, नावं घेत नाही.

मग जंतूंवर संशय तरी कशाला?

कारण असं आधी घडलेलं आहे. पोटाच्या अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे असं ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी सांगितलं तेव्हा कुणी मनावर घेईना, शेवटी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला. तोच जंतू जठराच्या कॅन्सरलाही कारण ठरतो हे १९९४ मध्ये अधिकृतपणे मान्य झालं, दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

आणि ब्लॅडरचंच उदाहरण हवं असेल तर शिस्टोसोमा. हा जंतू बॅक्टेरिया नाही, चक्क कृमी आहे, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून माणसाच्या कातडीत शिरतो आणि याच्या एका जातीची अंडी ब्लॅडरच्या भिंतीत रुतून बसतात. वर्षानुवर्षं तिथे सूज राहते आणि त्यातून एका विशिष्ट प्रकारचा कॅन्सर होतो, इजिप्तमध्ये याने हाहाकार केला होता. हा लांबचा रोग वाटतो ना? १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीच्या शिस्टोसोमाचे रुग्ण सापडल्याचं प्रसिद्ध केलं होतं, भारतातलं याचं हे गाजलेलं ठिकाण. आपल्या कोकणात! मला हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, नंतर वाचताना कळलं.

पॅराप्लेजियाच्या, म्हणजे कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या, रुग्णांना वर्षानुवर्षं कॅथेटर ठेवावा लागतो, त्यांच्यातही या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणजे सततची सूज आणि कॅन्सर यांचा संबंध कल्पनेतला नाही. त्याशिवाय बॅक्टेरिया काय काय करू शकतात याची यादी आहे: काही जंतू लघवीतल्या नायट्रेटपासून नायट्रोसअमाइन्स बनवायला मदत करतात जी कॅन्सर घडवणारी रसायनं म्हणून बदनाम आहेत, ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात जे थेट डीएनए बिघडवतं. पण करू शकतात आणि ब्लॅडरमध्ये तेच करतात यात फरक आहे, आणि फॉरवर्डवाले नेमकं तेच गाळतात.

पण रुग्णांच्या लघवीत वेगळे जंतू सापडलेत ना?

सापडलेत, बरेचदा. अडचण अशी की दर वेळी वेगळे सापडतात. २०१८ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात ३१ पुरुष रुग्ण आणि १८ निरोगी पुरुष तपासले, रुग्णांत ॲसिनेटोबॅक्टर वगैरे जास्त निघाले. त्याच वर्षी क्रोएशियातल्या अभ्यासात १२ रुग्ण आणि ११ निरोगी, तिथे फ्युसोबॅक्टेरियमकडे बोट दाखवलं गेलं. इतर ठिकाणी अजून तिसरेच. माणसं मूठभर, देश वेगळे, खाणं वेगळं, कुणी कॅथेटरने लघवी घेतली तर कुणी साधी मधल्या धारेची, मग निकाल जुळणार कसे.

समजा जुळलेही, तरी मोठा प्रश्न उरतोच. लक्ष्मी रोडवर दोन स्कूटरवाल्यांचं भांडण लागलंय आणि भोवती पंधरा-वीस माणसं जमलीत असं तुम्ही लांबून बघितलं, तर त्या गर्दीने भांडण लावलं की भांडण बघायला गर्दी आली? फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. एखादा दर भांडणाच्या फोटोत दिसतोय म्हणून तो भांडणं लावतो असंही नाही, त्याचं दुकान त्याच कोपऱ्यावर असेल. कॅन्सर झालेल्या ब्लॅडरचा नमुना हा असाच एका क्षणाचा फोटो. गाठीतून रक्त झिरपतं, काही जंतूंना ती मेजवानी. पेशी मरतात, लघवी नीट रिकामी होत नाही, शिल्लक राहते. त्यात रुग्णाला निदान होण्याआधी महिनोन्‌महिने इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक्स दिलेली असतात, दुर्बीण घातलेली असते, नळी घातलेली असते, आणि तो साठी-सत्तरीचा, बहुतेकदा सिगरेट ओढणारा असतो. यातली प्रत्येक गोष्ट जंतूंचं मिश्रण बदलते. मग फरक दिसला तर तो कॅन्सरच्या आधीचा की नंतरचा हे सांगणार कोण?

भांडण सुरू व्हायच्या आधीपासून कॅमेरा चालू हवा. म्हणजे धडधाकट लोकांच्या लघवीचे नमुने आधी घेऊन ठेवायचे, मग वर्षानुवर्षं वाट बघायची कुणाला कॅन्सर होतो ते, आणि मागे जाऊन जुने नमुने तपासायचे. हा कॅन्सर तसा फार जणांना होत नाही, त्यामुळे त्यासाठी अतिशय मोठ्या संख्येने माणसं लागतात. खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे.

विरळ वस्तीचा घोळ

मघाशी म्हणलं होतं लक्षात ठेवा. जिथे जंतू कमी तिथे बाहेरून आलेली थोडीशी घाणही मोठी दिसते. डीएनए काढायच्या किटमध्येच, त्यातल्या पाण्यात, प्लास्टिकमध्ये जंतूंचे डीएनएचे तुकडे असतात. आतड्याच्या नमुन्यात ते दबून जातात, लघवीच्या नमुन्यात तेच पुढे येऊन बसतात. म्हणून चांगली लॅब रिकामी ट्यूबही तशाच सगळ्या पायऱ्यांमधून नेते आणि तिच्यात काय निघतं ते बघते. अभ्यासात असं काही केल्याचा उल्लेख नसेल तर मी तो बाजूला ठेवते.

हा घोळ लहानसहान लोकांचाच होतो असं नाही. २०२० मध्ये नेचर या मोठ्या नियतकालिकात एक पेपर आला की प्रत्येक कॅन्सरमध्ये जंतूंची वेगळी ओळख असते, कॉम्प्युटरला ती शिकवली की कॅन्सर ओळखता येतो. फार गाजला. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे स्टीव्हन साल्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डेटा परत तपासला, त्यांनी निवडलेल्या तीन कॅन्सरमध्ये ब्लॅडरचाही होता, आणि लक्षात आलं की जंतूंचे म्हणून मोजलेले लाखो तुकडे प्रत्यक्षात माणसाच्याच डीएनएचे होते. २०२४ मध्ये नेचरने तो पेपर मागे घेतला. पेपर आला तेव्हा बातम्या झाल्या, मागे घेतला तेव्हा किती जणांनी वाचलं?

उंदरांमधला एक प्रयोग, जो मला खरंच पटला

२०२४ मध्येच नेचरमध्ये क्रोएशियातलं स्प्लिट आणि इंग्लंडमधलं केंब्रिज इथल्या टीमचं काम आलं. उंदरांना ब्लॅडरचा कॅन्सर करायला संशोधक बीबीएन नावाचं रसायन पाण्यातून देतात, सिगरेटच्या धुरातल्या नायट्रोसअमाइन्सच्या कुटुंबातलं. त्यांनी काही उंदरांना सोबत अँटिबायोटिक्स देऊन आतड्यातले जंतू जवळपास साफ केले. ज्यांचे जंतू शाबूत होते त्यांच्यात दहापैकी नऊ उंदरांना कॅन्सर झाला, ज्यांचे साफ केले त्यांच्यात दहापैकी साधारण एकाला. कारण काय, तर आतड्यातले काही बॅक्टेरिया बीबीएनचं रूपांतर दुसऱ्या रसायनात करतात आणि ते दुसरं रसायन लघवीत उतरून ब्लॅडरला डंख मारतं. माणसांच्या आतड्यातल्या काही जंतूंनाही हे जमतं, आणि ते किती जमतं ते माणसागणिक बदलतं.

इथे फक्त गर्दीचा फोटो नाही, कोणी काय केलं ते पायरीपायरीने दाखवलंय, म्हणून मला हे काम बाकीच्या ढीगभर यादीवजा अभ्यासांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. पण नीट बघा, हे जंतू आतड्यातले आहेत, लघवीतले नाहीत, आणि मूळ विष बाहेरून दिलेलं होतं. दोन सिगरेटवाल्यांपैकी एकालाच का होतो, या जुन्या प्रश्नाचा एखादा धागा यात असू शकेल. आणि कुणी म्हणेल मग आपणही अँटिबायोटिक घेऊन आतडी साफ करू, तर अजिबात नाही, ते उंदीर प्रयोगशाळेतले होते आणि तुमच्या आतड्यातले जंतू तुम्हाला इतर शंभर कामांसाठी लागतात.

आता पुण्याकडे: ब्लॅडरमध्ये मुद्दाम सोडलेले जंतू

तुमच्या डाव्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा वण असेल, बघा. गाईगुरांच्या टीबीचा जंतू कॅल्मेट आणि गेराँ या दोन फ्रेंच माणसांनी वर्षानुवर्षं वाढवून वाढवून मवाळ केला, १९२१ मध्ये तो पहिल्यांदा माणसाला लस म्हणून दिला. १९७६ मध्ये कॅनडाच्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या ब्लॅडरमध्ये हाच जिवंत जंतू नळीने सोडला आणि कॅन्सर परत परत उगवायचं प्रमाण घटलं. १९९० मध्ये अमेरिकेने याला मान्यता दिली आणि आजही, स्नायूपर्यंत न गेलेल्या पण परत येण्याची दाट शक्यता असलेल्या कॅन्सरवर, गाठ दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर हाच उपाय वापरतात. लहान मुलांची बीसीजी लस बनवणाऱ्या आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ब्लॅडरसाठीचं बीसीजीही ऑन्को-बीसीजी नावाने आणलं. सनोफी या औषध कंपनीने २०१७ मध्ये आपलं ब्लॅडरसाठीचं बीसीजी बंद केलं आणि अमेरिकेची सगळी भिस्त मर्क या एकाच कंपनीवर आली, तेव्हा तिकडे डोस वाटून द्यायची वेळ आली होती. बनवायला अवघड, हळू वाढणारा जंतू आहे तो.

देण्याची पद्धतही बघण्यासारखी. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. बारीक नळीने ब्लॅडरमध्ये सोडायचं, नळी काढायची आणि दोन तास लघवी रोखून धरायची, सत्तरीच्या माणसाला ही दोन तासांची परीक्षाच असते. मग घरी गेल्यावर सहा तास बसूनच लघवी करायची म्हणजे शिंतोडे उडायला नकोत, आणि दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबून फ्लश. आत काय होतं, तर बीसीजी अस्तराला चिकटतं, शरीराची संरक्षक फौज धावून येते आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात.

ज्यांना ब्लॅडरमधल्या बॅक्टेरियांचा काहीतरी परिणाम होतो यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे. पण दहातल्या तिघा-चौघांना बीसीजीचा फायदा होत नाही किंवा टिकत नाही, का ते नीट कळलेलं नाही. बीसीजी अस्तरावरच्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला चिकटतं आणि काही लॅक्टोबॅसिलसही त्यालाच चिकटतात, मग आधीपासून राहणारे जंतू बीसीजीच्या कामात मदत करतात की जागा अडवतात, असा प्रश्न काही लोक तपासतायत. मला विचाराल तर या सगळ्या विषयात रुग्णाच्या कामाचं काही लवकर निघेल तर ते इथून निघेल, कारण इथे बीसीजीच्या आधीचे आणि नंतरचे नमुने घेता येतात, कॅन्सर व्हायची वीस वर्षं वाट बघावी लागत नाही.

मग दही-ताक, प्रोबायोटिक?

जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस कॅसेई शिरोटा, म्हणजे यकुल्टच्या त्या छोट्या बाटलीत असतो तोच जंतू, पावडरीच्या रूपात रुग्णांना देऊन बघितला. २००८ च्या एका चाचणीत गाठ काढल्यावर ब्लॅडरमध्ये केमोचं औषध सोडलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी ही पावडरही घेतली त्यांच्यात तीन वर्षांनी कॅन्सर परत न आलेले सुमारे ७५% होते आणि न घेतलेल्यांत सुमारे ६०%. चांगला निकाल आहे, पण उपचारांच्या नियमावलीत तो आलेला नाही, आणि हे सगळे आधीच कॅन्सर झालेले रुग्ण होते. ताक प्यायचं तर खुशाल प्या, जेवण पचतं. त्यासाठी कॅन्सरचं नाव कशाला.

रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया आले तर?

माझ्या आत्याचंच सांगते. तिने नातवाच्या मुंजीआधी फुल बॉडी चेकअप केलं, पॅकेजमध्ये युरिन होती, त्यात बॅक्टेरिया निघाले, तिने मला फोन केला.

"अगं, पाच दिवसांचा कोर्स लिहून दिलाय, सुरू करू ना?"

"आत्या, तुला जळजळ होतेय का? उन्हाळी लागलीय, ताप, सारखं जावंसं वाटतं?"

"छे, काहीच नाही गं. रिपोर्ट बघूनच लागलंय जे काय लागायचं ते."

त्रास नसताना लघवीत जंतू दिसले तर गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेले रुग्ण असे मोजके अपवाद सोडून अँटिबायोटिक द्यायचं नाही, हा आता सर्वमान्य नियम आहे. २०१२ मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना त्रास नसताना अशी औषधं दिली, तर त्यांनाच पुढे जास्त इन्फेक्शन झाली. आधीचे शांत भाडेकरू हाकलले की रिकाम्या जागेत कोण येईल सांगता येत नाही. आत्याने दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी कोर्स थांबवला. आणि "मिक्स्ड ग्रोथ, रिपीट सॅम्पल" असं आलं असेल तर बहुधा नमुनाच नीट घेतला गेलेला नाही, पहिली धार सोडून मधली धरा आणि डबी गाडीच्या डिकीत तापवत ठेवू नका.

आणि त्या लिंकमधली घरपोच मायक्रोबायोम टेस्ट? ती जंतूंची नावं देईल, रंगीत गोल काढून देईल. पण कुठलं मिश्रण चांगलं आणि कुठलं वाईट हेच अजून ठरलेलं नाही, तर त्या रिपोर्टवर कुठला युरॉलॉजिस्ट काय करणार?

खरी काळजी कशाची करायची

लघवीतून रक्त, तेही न दुखता. एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं तरी. ब्लॅडरच्या कॅन्सरची बहुतेक वेळा हीच पहिली खूण असते आणि थांबतं म्हणूनच लोक गाफील राहतात. बहुतेकांना खडा, प्रोस्टेट, इन्फेक्शन असं दुसरंच काहीतरी निघतं, कधी तर आदल्या दिवशीचं बीट निघतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. सोनोग्राफी, लघवीतल्या पेशींची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बीण, एवढ्यावर काम होतं. बायकांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं, कारण रक्त दिसलं की इन्फेक्शनच असणार म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स वर कोर्स होतात आणि कल्चर कुणी लावतच नाही. रक्त आहे आणि कल्चर निगेटिव्ह आहे, किंवा कोर्स संपून पुन्हा रक्त आलं, तर पुढचा कोर्स न घेता युरॉलॉजिस्ट गाठा.

घरात कुणाचं बीसीजी चालू असेल तर अजून एक. त्या दिवसांत थोडी जळजळ, कणकण येते, आणि घरातलं कुणीतरी कपाटातली सिप्रोफ्लॉक्सासिनची उरलेली पट्टी काढून देतं. त्या गटातली अँटिबायोटिक्स बीसीजीलाही मारतात, म्हणजे सकाळी नळीने सोडलेलं औषध संध्याकाळी गोळीने बाद. आधी युरॉलॉजिस्टला फोन करा, आणि ताप जोराचा असेल, हुडहुडी भरत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही उतरला नसेल तर फोनवर भागवू नका, थेट हॉस्पिटलात जा आणि तिथे दारातच सांगा की बीसीजी चालू आहे.